घर एकाचे, वाटणी चोरांची

दिनांक १५ नोव्हेंबर १८८४. स्थळ, बर्लिनमधील जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क यांचे शासकीय निवासस्थान. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका भव्य टेबलाभोवती चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी स्थानापन्न झालेले आहेत. भिंतीवर आफ्रिका खंडाचा प्रचंड नकाशा टांगलेला आहे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल, बेल्जियम यांच्या जोडीला रशिया आहे, ऑस्ट्रिया-हंगेरी आहे, तुर्कस्तान आहे, अमेरिका आहे. इतकेच काय, ज्यांच्या मालकीची आफ्रिकेत वीतभरही भूमी नव्हती ते स्वीडन-नॉर्वेही तेथे आहेत. नाही तो फक्त आफ्रिकेचा माणूस! ज्या खंडाच्या नद्यांतून कोणी जहाजे हाकावीत आणि ज्याच्या किनाऱ्यांवर कोणी झेंडे रोवावेत याचा खल पुढे २६ फेब्रुवारी १८८५ पर्यंत चालला, त्या खंडातील एकाही राजाला वा सरदाराला त्या दालनात बसायला आसन नव्हते.

या परिषदेअंती जो ३८ कलमांचा करारनामा झाला, त्याचा आरंभ सर्वशक्तिमान परमेश्वराच्या नावाने करण्यात आला आहे. त्याच्या सहाव्या कलमात स्थानिक लोकांचे रक्षण, त्यांचा नैतिक व भौतिक उत्कर्ष आणि गुलामगिरीचे उच्चाटन यांची जबाबदारी सर्व राष्ट्रांनी शिरावर घेतली आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा निदान हलवायाला उपदेश तरी करीत नाही. येथे हलवायाचे घर घेतलेच, वर त्याच्या उद्धाराची शपथही घेतली!

आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी या इतिहासाकडे वळण्याचे कारण काय? कारण आपल्या सुशिक्षित समाजात दोन समजुती अजूनही ठाण मांडून आहेत. पहिली समजूत अशी की, साम्राज्यवाद वाईट खरा, परंतु त्याने रेल्वे दिली, कायदा दिला, मागासलेल्या खंडांना जगाची ओळख करून दिली. दुसरी समजूत अधिक फसवी आहे. दोन बलाढ्य सत्ता एकमेकींशी झुंजत असल्या की दुर्बलाने त्यांपैकी एकीचा पदर धरावा, म्हणजे दुसरीपासून रक्षण होते, असे शहाणपण आपल्याला वारंवार ऐकवले जाते. आफ्रिकेच्या वाटणीचा इतिहास या दोन्ही समजुतींना सप्रमाण खोटे ठरवतो. साम्राज्यांचे वैर एकमेकांशी असते, पण त्यांचा तह मात्र नेहमी तिसऱ्याच्या घरावर होतो. हा एक धडा नीट समजला तर बाकीचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

हिंदुस्थानच्या वाटेवरचे खंड

१८७० च्या सुमारास आफ्रिकेचा जेमतेम एक दशांश भाग युरोपीयांच्या ताब्यात होता. १९१४ साल उजाडले तेव्हा नऊ दशांश खंड त्यांच्या टाचेखाली होता. इथिओपिया आणि लायबेरिया वगळता स्वतंत्र म्हणावे असे काही उरले नव्हते. चार दशकांत एवढा मोठा भूभाग कसा गिळला गेला? क्विनाईनमुळे हिवतापाची भीती कमी झाली होती. वाफेच्या बोटी नद्यांतून आत शिरू लागल्या होत्या. १८८४ मध्ये मॅक्सिम तोफ अस्तित्वात आली आणि एका मिनिटात शेकडो गोळ्या झाडणारे ते यंत्र भाला आणि ढाल घेतलेल्या सैन्यासमोर उभे राहिले. पण ही झाली साधने. प्रेरणा होती ती परस्परांच्या धास्तीची. मी घेतले नाही तर तो घेईल, या एकाच विचाराने ज्या वाळवंटाचा काडीचाही उपयोग नव्हता, त्यावरही झेंडे रोवले गेले.

आणि या स्पर्धेच्या मुळाशी, वाचकहो, आपलाच देश होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लंडनहून मुंबईस येणारा मार्ग आफ्रिकेला वळसा घालण्याऐवजी इजिप्तमधून जाऊ लागला. १८७५ मध्ये डिझरायली यांनी इजिप्तच्या कर्जबाजारी खेदिवाचे कालव्यातील समभाग चाळीस लक्ष पौंडांना विकत घेतले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजा थेट इजिप्तमध्ये उतरल्या. त्या फौजांत हिंदी पलटणीही होत्या. कालव्यासाठी इजिप्त हवा, इजिप्तसाठी नाईल हवी, नाईलसाठी सुदान हवा आणि तिच्या उगमासाठी युगांडा हवा, अशी ही न संपणारी साखळी होती. गुलाम हिंदुस्थान हातचा जाऊ नये म्हणून दुसरे खंड गुलाम करण्यात आले. आपल्या पारतंत्र्याची किंमत केवळ आपणच मोजली नाही, हे आपण कधी ध्यानात घेतो काय?

येथे एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. बर्लिनच्या टेबलावर पट्टी ठेवून आफ्रिकेचे तुकडे पाडले गेले, असे सर्रास सांगितले जाते. ते अक्षरशः खरे नाही. बर्लिनमध्ये ठरले ते दरोड्याचे नियम. किनाऱ्यावर नवा हक्क सांगणाऱ्याने इतरांस सूचना द्यावी आणि तेथे आपला प्रत्यक्ष ताबा दाखवावा, हा तो नियम. तुकडे पडले ते पुढील वीस वर्षांत, दोन-दोन सत्तांमधील गुपचूप करारांनी. म्हणजे आफ्रिकेची वाटणी हा एका बैठकीत घडलेला अपघात नव्हता. तो दोन दशके थंड डोक्याने चाललेला व्यवहार होता.

सनदेचे जुने हत्यार

ताबा दाखवायचा तर खर्च आला. तो टाळण्यासाठी इंग्लंडने आपले जुने, आपल्याला पुरेपूर ठाऊक असलेले हत्यार बाहेर काढले. १६०० साली राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, त्या सनदेतून १७६५ ची बंगालची दिवाणी उगवली आणि त्या दिवाणीतून पारतंत्र्य. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर कंपनी सरकार बरखास्त करावे लागले. यातून इंग्लंड काही शिकले असेल असे वाटावे, तर तीस वर्षांच्या आत तोच खेळ आफ्रिकेत सुरू झाला! १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनी, १८८८ मध्ये इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी, १८८९ मध्ये सेसिल ऱ्होड्स यांची ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनी. तिन्ही कंपन्यांच्या हाती राजाची सनद होती आणि ध्वज, कर व बंदूक वापरण्याचा अधिकार होता.

आजच्या झिम्बाब्वेतील एन्डेबेले लोकांचा राजा लोबेंग्युला याची कथा मुळातून वाचण्यासारखी आहे. त्याच्या दारात पोर्तुगीज, बोअर, जर्मन आणि इंग्रज या सर्वांचे दलाल घिरट्या घालीत होते. या सर्वांत इंग्रज बरे, त्यांची राणी शब्दाची पक्की, असा विचार करून त्याने ३० ऑक्टोबर १८८८ रोजी ऱ्होड्सच्या माणसांना खाणकामाचा मक्ता लिहून दिला. बदल्यात एक हजार मार्टिनी-हेन्री रायफली, एक लक्ष काडतुसे, दरमहा शंभर पौंड आणि झांबेझी नदीवर वाफेची एक सशस्त्र बोट देण्याचे मान्य झाले. दहापेक्षा अधिक गोरे खणण्यास येणार नाहीत, असे आश्वासन राजाला तोंडी देण्यात आले होते. दुभाष्याचे काम करणाऱ्या मिशनऱ्यानेच हे नमूद करून ठेवले आहे. लेखी करारात मात्र त्याचा उल्लेखही नव्हता. फसवणूक ध्यानात येताच लोबेंग्युलाने आपले दूत थेट व्हिक्टोरिया राणीकडे धाडले. दूतांचे स्वागत झाले, त्यांना मेजवान्या मिळाल्या आणि त्याच वर्षी राणीने सनद दिली ती ऱ्होड्सच्या कंपनीला! १८९३ मध्ये मॅक्सिम तोफांनी लोबेंग्युलाच्या सैन्याची चाळण केली, राजा परागंदा झाला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी मरण पावला. त्याच्या भूमीला ऱ्होडेशिया हे नाव मिळाले आणि १९८० पर्यंत ते तिच्या कपाळी राहिले. चार लांडग्यांतील एक सौम्य वाटला म्हणून त्याला दार उघडणाऱ्याची ही गत झाली.

परोपकाराचा मुखवटा

परंतु ऱ्होड्स निदान आपण श्रीमंत होण्यास आलो आहोत हे लपवीत नव्हता. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने तेवढाही प्रामाणिकपणा दाखवला नाही. १८७६ मध्ये त्याने ब्रुसेल्सला भूगोलतज्ज्ञांची परिषद भरवली आणि आफ्रिकेत विज्ञान व मानवता नेण्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढली. स्टॅन्ले या प्रवाशाला हाताशी धरून काँगो नदीकाठच्या शेकडो प्रमुखांकडून, त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेतील करारांवर खुणा करवून घेतल्या. इंग्लंडला फ्रान्स नको होता, फ्रान्सला इंग्लंड नको होता आणि बिस्मार्कला दोघेही बलिष्ठ व्हायला नको होते. या परस्पर मत्सराचा लाभ घेऊन लिओपोल्डने बेल्जियमच्या सुमारे पंचाहत्तर पट मोठा प्रदेश स्वतःच्या खाजगी मालकीचा करून घेतला. नाव दिले, 'काँगो स्वतंत्र राज्य'. नावातच केवढी ही विटंबना!

१८८८ मध्ये डनलॉप यांचा हवा भरलेला टायर आला, जगाला रबर हवे झाले आणि काँगोच्या अरण्यातील रबराच्या वेलींना सोन्याचा भाव आला. रबराचा कोटा पुरा करावा म्हणून पुरुषांना अरण्यात हाकलायचे आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवायचे, ही तेथील महसूलपद्धती होती. प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे. म्हणून शिपाई मारलेल्यांचे उजवे हात कापून आणीत, आणि काडतूस शिकारीवर खर्ची पडले असेल तर जिवंतांचेही. या काळात रोग, उपासमार आणि हत्या यांनी किती माणसे गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. काही इतिहासकारांचा अंदाज एक कोटीपर्यंत जातो. ज्याच्या नावाने हे घडले त्या लिओपोल्डने काँगोच्या भूमीवर आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही.

हे पाप उघडकीस आणले ते एका जहाज कंपनीतील कारकुनाने. एडमंड मोरेल याला अँटवर्पच्या धक्क्यावर दिसले की, काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरून येतात, आणि जातात ती मात्र बंदुका व काडतुसे घेऊन. व्यापाराचा माल जातच नाही. मग हे रबर येते तरी कशाच्या बदल्यात? या एका साध्या प्रश्नातून त्याने गुलामगिरी ताडली. काही मिशनऱ्यांनी छायाचित्रे आणि साक्षी जगापुढे मांडल्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. इंग्रज सरकारचा अधिकारी रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगात खळबळ उडाली. इंग्लंडने त्याला गौरविले. तोच केसमेंट पुढे स्वतःच्या मायभूमीच्या, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उभा राहिला, तेव्हा १९१६ मध्ये त्याच इंग्लंडने त्याला फासावर चढवले. दुसऱ्याच्या साम्राज्याचा अन्याय दिसला की तुम्ही मानवतावादी, आणि आमच्या साम्राज्याचा दिसला की देशद्रोही! आणि लिओपोल्ड? १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो ताब्यात घेतला, तेव्हा कृतज्ञतेपोटी राजाला पाच कोटी फ्रँक देण्याचे मान्य केले. २०२० मध्ये बेल्जियमच्या विद्यमान राजाने तीव्र खेद व्यक्त केला. क्षमा हा शब्द तेव्हाही उच्चारला गेला नाही.

मुखवट्याचा आणखी एक नमुना पाहा. १८९० मध्ये ब्रुसेल्सला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. हेतू उदात्त. पण त्याच कराराने आफ्रिकेच्या फार मोठ्या पट्ट्यात आधुनिक शस्त्रे विकण्यास बंदी घातली. म्हणजे बंदुका युरोपीयांच्या हाती आणि भाले आफ्रिकनांच्या हाती, ही स्थिती कायम करण्यात आली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने आपल्या देशात नेमके हेच केले होते. ज्याला लुटायचे त्याला आधी निःशस्त्र करायचे आणि या कृत्याला सुधारणा म्हणायचे, ही रीत दोन्हीकडे एकच होती.

वैर दोघांचे, बळी तिसरा

आता या सत्तांच्या परस्पर वैराकडे वळू. १८९० मध्ये इंग्लंड आणि जर्मनी यांनी तह केला. जर्मनीला उत्तर समुद्रातील हेलिगोलँड हे चिमुकले बेट मिळाले. त्या बदल्यात झांझिबार इंग्रजांचे संरक्षित राज्य झाले आणि युगांडा त्यांच्या प्रभावक्षेत्रात गेला. झांझिबारच्या सुलतानाने हेलिगोलँड कधी पाहिलेही नसेल! याच तहात जर्मनीने आपल्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीला जोडून एक लांबट चिंचोळी पट्टी मागून घेतली, हेतू हा की झांबेझी नदीतून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाता यावे. वाटेत व्हिक्टोरियाचा प्रचंड धबधबा आहे आणि तेथून जहाज जाऊ शकत नाही! तरीही ती पट्टी, तत्कालीन चॅन्सेलर काप्रिव्ही यांचे नाव लागलेली, आजच्या नामिबियाच्या नकाशावर बाहेर आलेल्या बोटासारखी दिसते. त्याच वर्षी इंग्लंडचे पंतप्रधान सॅलिसबरी यांनी एका मेजवानीत विनोदाने सांगितले की, जेथे गोऱ्या माणसाचे पाऊल पडलेले नाही अशा प्रदेशांच्या नकाशावर आपण रेघा ओढीत आहोत, पर्वत, नद्या आणि सरोवरे एकमेकांस बहाल करीत आहोत, अडचण एवढीच की ती नेमकी कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. ऐकणारे हसले. त्या रेघांखाली राहणाऱ्यांच्या पिढ्या आजही रडत आहेत.

१८९८ मध्ये तर इंग्लंड आणि फ्रान्स युद्धाच्या उंबरठ्यावर आले. फ्रान्सला पश्चिम ते पूर्व आणि इंग्लंडला उत्तर ते दक्षिण असा आफ्रिकेवर सलग पट्टा हवा होता. दोन्ही रेषा नाईलच्या काठी, फशोदा या ठिकाणी एकमेकींस छेदत होत्या. फ्रेंच अधिकारी मार्शां हा मूठभर सहकारी आणि सुमारे सव्वाशे पश्चिम आफ्रिकी सैनिक घेऊन, बोटीचे सुटे भाग अरण्यातून वाहून नेत, अटलांटिक किनाऱ्यापासून जवळजवळ दोन वर्षे प्रवास करून जुलैमध्ये तेथे पोहोचला. सप्टेंबरमध्ये इंग्रजांचा किचनेर आला. नंतर हिंदुस्थानचा सरसेनापती झालेला तो हाच किचनेर. त्यापूर्वी दोनच आठवडे, २ सप्टेंबर रोजी, ओमदुर्मानच्या मैदानात त्याच्या तोफांनी एका सकाळीत दहा हजारांहून अधिक सुदानी सैनिक लोळवले होते. त्याची स्वतःची हानी पन्नासच्या आतबाहेर होती. फशोदाला मात्र तोफा धडाडल्या नाहीत. दोघे गोरे अधिकारी सभ्यपणे भेटले, एकमेकांच्या आरोग्यासाठी मद्याचे पेले उंचावले गेले आणि निर्णय लंडन व पॅरिसवर सोपवण्यात आला. फ्रान्सने माघार घेतली. सहा वर्षांनी, १९०४ मध्ये, दोघांत मैत्रीचा करार झाला. इजिप्त तुमचा आणि मोरोक्को आमचा, असा तो करार! युद्धाला निघालेले शत्रू मित्र झाले. गेले ते इजिप्त आणि मोरोक्को. फशोदाच्या शिलुक लोकांना कोणी विचारलेही नाही.

दक्षिण आफ्रिकेतही हेच घडले. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर प्राणपणाने लढले. इंग्रजांच्या छळछावण्यांत बोअरांची हजारो बायकामुले मेली, आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या निराळ्या छावण्यांतही हजारो मेले. त्यांचा उल्लेख कित्येक दशके कोणी केला नाही. त्या युद्धात गांधीजींनी इंग्रजांच्या बाजूने हिंदी शुश्रूषापथक उभे केले होते, साम्राज्याशी निष्ठा दाखवली तर आपल्या लोकांना न्याय मिळेल या आशेने. पण ३१ मे १९०२ च्या तहात कलम आले ते असे की, स्थानिकांच्या मताधिकाराचा प्रश्न बोअरांना स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलावा. म्हणजे कायमचा! १९१३ च्या कायद्याने देशाच्या बहुसंख्य मूळ रहिवाशांसाठी जेमतेम सात टक्के भूमी राखून ठेवली. रक्तबंबाळ झालेले दोन वैरी एकमेकांना आलिंगन देतात, तेव्हा त्या आलिंगनात कोण चिरडले जाते हे आणखी कोणत्या उदाहरणाने सांगावे?

रेल्वे कोणासाठी?

आता त्या प्रसिद्ध रेल्वेविषयी. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा युगांडा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. तो आफ्रिकन शेतकऱ्याचा माल बाजारात जावा म्हणून नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या आधी नाईलच्या उगमाशी सैन्य पोहोचवता यावे, हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. आणि तो बांधला कोणी? हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांनी. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मेले, म्हणजे लोहमार्गाच्या दर मैलामागे सुमारे चार. साम्राज्याने रेल्वे 'दिली' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. भूमी आफ्रिकेची होती, रक्त पंजाबचे होते आणि नाव मात्र इंग्रजांचे झाले.

१९१४ मध्ये हे साम्राज्यवादी वैर युरोपातच पेटले आणि त्याचे निखारे आफ्रिकेवर पडले. नोव्हेंबर १९१४ मध्ये आजच्या टांझानियातील टांगा बंदरावर इंग्रजांनी हिंदी पलटणी उतरवल्या. समोर जर्मनांचे आफ्रिकी शिपाई होते. इंग्रजांसाठी हिंदी माणूस आणि जर्मनांसाठी आफ्रिकी माणूस एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, आणि दोघांचाही त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता! हिंदी तुकड्यांची तेथे मोठी हानी झाली. चार वर्षे चाललेल्या त्या मोहिमेत सामान वाहण्यासाठी लक्षावधी आफ्रिकनांना वेठीस धरण्यात आले आणि एकट्या इंग्रजांच्या बाजूचे नव्वद हजारांहून अधिक भारवाहक रोगाने व उपासमारीने मेले. नैरोबीतील करिओकोर आणि दार-ए-सलाममधील करिआकू या वस्त्यांची नावे त्या 'कॅरिअर कोअर'चे अपभ्रंश आहेत. तेथे बाजार भरतो. पण त्या नावामागे एक अफाट स्मशान आहे.

'इंग्रज नसते तर जर्मन आले असते, आणि जर्मन तर अधिक क्रूर' असाही एक युक्तिवाद केला जातो. जर्मनांची क्रूरता निर्विवाद आहे. १९०४ ते १९०८ या काळात नैर्ऋत्य आफ्रिकेत त्यांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. २०२१ मध्ये खुद्द जर्मनीने तो वंशसंहार असल्याचे मान्य केले. पण एका दरोडेखोराच्या क्रौर्याने दुसरा दरोडेखोर संत ठरत नाही. घरमालकाला या दोघांतून निवड करायची नसते. त्याला आपले घर हवे असते.

अदवाचे उत्तर

या काळोखात एक प्रकाशशलाका आहे, ती इथिओपियाची. २ मे १८८९ रोजी सम्राट मेनेलिक याने इटलीशी वुचाले येथे मैत्रीचा करार केला. त्याच्या सतराव्या कलमाच्या अम्हारिक पाठात लिहिले होते की, परराष्ट्रव्यवहारासाठी सम्राट इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन पाठात लिहिले होते की, सम्राट ती घेईलच. एका क्रियापदाच्या फेरफाराने देश मांडलिक करण्याचा हा डाव होता! युरोपच्या दरबारांनी इटालियन पाठ प्रमाण मानला. मेनेलिक मात्र लोबेंग्युलाप्रमाणे परक्या राणीच्या दारी न्याय मागत बसला नाही. त्याने युरोपीयांच्या परस्पर मत्सराचा उपयोग केला, तो फक्त शस्त्रे विकत घेण्यापुरता. रक्षणासाठी त्याने कोणाचाही पदर धरला नाही. १८९३ मध्ये त्याने करार झुगारला आणि १८९५ मध्ये देशाला युद्धाची हाक दिली.

महत्त्वाचे आहे ते यापुढचे. त्या हाकेला कोण आले? गोज्जामचा राजा आला, वोल्लोचे सरदार आले, हरारचा मकोन्नेन आला आणि ज्याच्या घराण्याचा सिंहासनावर मेनेलिकविरुद्ध दावा होता, तो तिग्रेचा मेंगेशाही आला. आपसातील हाडवैर त्यांनी परकीयाच्या दारात नेले नाही. सम्राज्ञी तायतू स्वतः रणात उतरली. मेकेलेच्या किल्ल्याचे पाणी तोडण्याची युक्ती तिचीच होती. १ मार्च १८९६ रोजी अदवाच्या डोंगरांत सुमारे एक लक्षाच्या इथिओपियन सेनेने इटलीच्या सुमारे साडेसतरा हजारांच्या फौजेचा धुव्वा उडवला. हजारो मेले आणि हजारो कैद झाले. रोममध्ये मंत्रिमंडळ कोसळले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीला इथिओपियाचे संपूर्ण स्वातंत्र्य लेखी मान्य करावे लागले.

मेनेलिक देवदूत नव्हता. त्याने स्वतःही दक्षिणेकडील लोकांना जिंकून आपले राज्य वाढवले, आणि त्या लोकांच्या आठवणीत अदवाचा विजय निराळ्या रंगाचा आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मॅक्सिम तोफ अजिंक्य नव्हती. अजिंक्य वाटत होती ती समोरच्याची फूट. आफ्रिकेत शौर्याची वाण कधीच नव्हती. ओमदुर्मानला पडलेले दहा हजार काही पाठ दाखवून पडले नव्हते. वाण होती ती संघटित शक्तीची, आणि परक्याच्या करारातील प्रत्येक शब्द वाचण्याच्या सावधपणाची.

विजयानंतरही सावधपणा सुटला की काय होते तेही इथिओपियानेच भोगले. १९०६ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि इटली यांनी त्या स्वतंत्र देशातील आपापली हितक्षेत्रे परस्पर वाटून घेतली. १९३५ मध्ये मुसोलिनीची विमाने विषारी वायू घेऊन आली, आणि राष्ट्रसंघात न्यायाची भाषा बोलणाऱ्या इंग्लंड-फ्रान्सचे मंत्री त्याच डिसेंबरात इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देण्याची योजना आखीत होते. १९४१ मध्ये इटालियनांचा पाडाव झाला, तो केरेनच्या दुर्गम कड्यांवर. तेथे रक्त सांडणाऱ्या हिंदी तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी देह ठेवणाऱ्या त्या वीरांचे स्मरण महाराष्ट्रातील किती घरांत होते?

नकाशा बदलला, भूक तीच

१९६० च्या सुमारास झेंडे उतरले, पण रेघा उरल्या. गांबिया हा देश म्हणजे एका नदीच्या दोन काठांची चिंचोळी पट्टी आहे. सोमाली समाज पाच सत्तांत विभागला गेला आणि त्याच्या ध्वजावरील ताऱ्याची पाच टोके आजही ती जखम दाखवतात. १९६४ मध्ये आफ्रिकी राष्ट्रांनी कैरो येथे ठरवले की, या सीमा अन्यायाच्या असल्या तरी मान्य कराव्यात, अन्यथा युद्धांना अंत राहणार नाही. परक्याने ओढलेली रेघ देशाचे काय करते हे १९४७ मध्ये ज्यांनी भोगले, त्यांना या निर्णयामागची अगतिकता सांगावी लागू नये.

आणि भूक? काल रबर होते, आज कोबाल्ट आहे. आपल्या हातातील मोबाइलच्या आणि विजेवरील मोटारीच्या बॅटरीत लागणारा हा धातू बहुतांश त्याच काँगोतून येतो. तेथील खाणींवर आज चिनी कंपन्यांचा मोठा पगडा आहे. मालीतून २०२२ मध्ये आणि नायजरमधून २०२३ मध्ये फ्रेंच सैन्य बाहेर पडले, तर त्या प्रदेशात रशियाचे भाडोत्री सैनिक अवतरले. प्रत्येक नवा पाहुणा सांगतो, मी जुन्यासारखा नाही. बर्लिनच्या टेबलावरही प्रत्येकाने हेच सांगितले होते.

या वेळी भारताची भूमिका काय असावी? सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीत, भारताच्या अध्यक्षतेखाली, आफ्रिकी संघाला जी-२० चे स्थायी सदस्यत्व मिळाले. बर्लिनला जे आसन नाकारले गेले ते दिल्लीत दिले गेले, याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटावा. परंतु अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही हवे. आपल्या महानगरांत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याने खोली नाकारली जाते, रस्त्यात त्याच्या वर्णावरून हेटाळणी होते. ही दृष्टी आपली नाही, ती आपल्याला गुलाम करणाऱ्यांकडून उसनी घेतलेली आहे. ज्या पूर्वजांनी मोंबासाच्या लोहमार्गावर आणि टांग्याच्या किनाऱ्यावर प्राण सोडले, त्यांचे वंशज आपल्या घरात साहेबाचा चष्मा लावून वावरणार असतील, तर स्वातंत्र्य मिळाले ते केवळ कागदावर, असेच म्हणावे लागेल.

साम्राज्ये येतात, एकमेकांवर गुरगुरतात आणि शेवटी टेबलाभोवती बसून समेट करतात. त्या टेबलावर आपण जेवणारे असावे की ताटात वाढलेले, हे टेबलाभोवती बसलेले ठरवीत नाहीत. आपल्या घरातील एकी ते ठरवते. लोबेंग्युलाने परक्याच्या शब्दावर विसंबून राज्य गमावले आणि मेनेलिकने आपल्या माणसांना एकत्र आणून ते राखले. इतिहासाने दोन्ही वाटा उघड्या करून दाखवल्या आहेत. निवड प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.